वाहणाऱ्या डोळ्यांचा कोरडेपणा



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी सालेकसा वा देवरीहून आलेल्या एखाद्या रुग्णास आम्ही केवळ औषधाचे थेंब देऊन परत पाठवितो, याबद्दल आपल्यापैकी काहींनी नाराजी व्यक्त केली आहे. त्यामागील कारण मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ते कारण म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा.

“डोळ्यांतून तर सारखे पाणी वाहते,” असे नातलग म्हणतात. ते खरेच असते. परंतु अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. पापण्यांच्या कडांतील ग्रंथी त्यात तेल मिसळतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील चषकाकार पेशी चिकट स्राव पुरवितात. तेल कमी पडले की पाणी उडून जाते व उरलेले अश्रू अधिक खारट होतात. हा खारटपणा पृष्ठभागावरील पेशींतील पाणी ओढून घेतो. दुखावलेल्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात, त्या दाहात चषकाकार पेशी नष्ट होतात आणि अश्रू आणखी अस्थिर होतात. चुरचुर वाढताच डोळा पाण्याचा लोट सोडतो खरा, पण ते पाणी पृष्ठभागावर टिकत नाही. म्हणूनच १९०३ साली ओटो शिर्मर यांनी सुचविलेली कागदी पट्टीची चाचणी एकटीच पुरेशी ठरत नाही.

बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे बाह्य आवरण जेमतेम पाच-सहा पेशीथरांचे असते. निरोगी डोळ्यात ते सुमारे ७ ते १० दिवसांत नवे होते. कोरड्या डोळ्यात झीज भरून निघत नाही. फ्लुरोसीन टाकून निळ्या प्रकाशात पाहिले असता इजा झालेल्या जागी हिरवे ठिपके चमकतात. अशा खडबडीत पृष्ठभागावर घेतलेले वक्रतेचे माप चुकते, आणि मग कृत्रिम भिंगाचा नंबरही चुकू शकतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या छेदाने तेथील काही नसा तुटून कोरडेपणा वाढतो. म्हणून आधी पृष्ठभाग बरा करावा लागतो. त्यास काही आठवडे, क्वचित महिनेही लागतात.

आपल्या जिल्ह्यातील कडक उन्हाळा, राईस मिलची धूळ, चुलीचा धूर या साऱ्यांनी त्रास वाढतो. त्याहून आम्हांस चिंता वाटते ती परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांची. लाली दोन दिवसांत ओसरते, पण दीर्घ वापराने डोळ्यातील दाब वाढू शकतो. धानाचे तूस लागून जखम झाली असल्यास बुरशीचा संसर्ग बळावतो.

तपासणीस येताना वापरलेली प्रत्येक बाटली सोबत आणावी, ती रिकामी असली तरी.