'विथ' : एका शब्दाचा पक्षबदल

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला जे शब्द अगदी प्रारंभी भेटतात, त्यांत 'विथ' हे शब्दयोगी अव्यय असते. 'सह', 'बरोबर', 'सोबत' असे त्याचे अर्थ पाठ करून विद्यार्थी निर्धास्तपणे पुढे जातो. पुढे कधीतरी 'ब्रिटन फॉट विथ फ्रान्स' असे वाक्य समोर येते, आणि तो थबकतो. वाक्यातील प्रसंग 1815 सालच्या वॉटर्लूचा असेल, तर ब्रिटन फ्रान्सविरुद्ध लढले; 1914 सालचा असेल, तर त्याच्या खांद्याला खांदा लावून लढले. शब्द तेच, परंतु शत्रू कोण आणि मित्र कोण, हे ठरविण्यास इतिहासाला साक्षीस बोलवावे लागते!

या संभ्रमाचे मूळ शब्दाच्या जन्मकथेत आहे. प्राचीन इंग्रजीत या अव्ययाचा एक प्रमुख अर्थ 'विरुद्ध' हाच होता. आल्फ्रेड राजाने 871 साली विल्टन येथे डेन लोकांच्या सैन्याशी झुंज दिली, त्या प्रसंगाच्या नोंदीत अँग्लो-सॅक्सन बखरीने हेच अव्यय योजिले आहे. सोबतीचा अर्थ सांगण्यासाठी त्या काळी 'मिड' हा निराळा शब्द होता. जर्मन भाषेतील 'मिट' हा त्याचाच भाऊबंद.

'विथ'चे गोत्र तर संस्कृताशी जुळते. वियोग, विभक्त, विलग या शब्दांतील 'वि' हा उपसर्ग आणि 'विथ' यांचे मूळ एकच मानले जाते. म्हणजे आज सहवास दर्शविणारा शब्द मुळात ताटातुटीच्या कुळात जन्मला!

मग पक्षबदल झाला कसा? विरोध करणारा समोर उभा असतो. आणि जो समोर असतो, तो सन्निधही असतो. समोरासमोर उभे राहून जसे युद्ध होते, तसेच बोलणे, देवघेव आणि करारही होतात. 'विरुद्ध'पासून 'समोर', 'समोर'पासून 'जवळ' आणि 'जवळ'पासून 'सोबत' असा हा अर्थप्रवास मध्ययुगीन इंग्रजीत पूर्ण झाला. विरोधाचे काम 'अगेन्स्ट'कडे गेले, 'मिड' मागे पडला. सुईणीला इंग्रजीत 'मिडवाइफ' म्हणतात, त्यात तो आजही दडून बसला आहे: प्रसूतीच्या वेळी 'जवळ असणारी स्त्री'. 'विथ'चा जुना स्वभावही अगदीच लोपला नाही. 'विथस्टँड' म्हणजे विरोधात टिकून राहणे, 'विथड्रॉ' म्हणजे मागे घेणे, 'विथहोल्ड' म्हणजे न देता राखून ठेवणे. या शब्दांत सोबतीचा लवलेशही नाही.

मराठी भाषकाला हे फार परके वाटू नये. मराठीतील 'शी' हा प्रत्यय असाच दोन्ही दारी वावरतो: मित्राशी बोलणे होते, आणि शत्रूशी लढणेही होते, कुणाशी सोयरीक जुळते, तर कुणाशी उभे वैर. मात्र 'फ्रान्सशी लढले' असे म्हटल्यावर मराठी माणसाला शंका उरत नाही. सख्य सांगायचे असेल, तर तो 'फ्रान्सच्या बाजूने' असे म्हणेल. म्हणून भाषांतरकाराने 'विथ'समोर डोळे मिटून 'सह' लिहू नये. करारपत्रात वा वृत्तात एवढ्याशा शब्दाची चूक मित्राला शत्रूच्या पंक्तीस बसवू शकते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो खरा. पण त्याचा पक्ष मात्र वाक्यातच ओळखावा लागतो.