पेडण्याची माणसे पणजीस जातात



राज्यारोहणाचे आणि पदग्रहणाचे सोहळे इतिहासाच्या ग्रंथांत मोठ्या विस्ताराने वर्णिलेले आढळतात. कोणी कोणते वस्त्र परिधान केले होते, तोफांच्या किती फैरी झडल्या, मानाच्या आसनांवर कोण बसले होते, हे सारे त्यांत असते. परंतु ज्यांच्या नावाने राज्य चालवायचे, ती सामान्य माणसे त्या दिवशी कोठे उभी होती, याची नोंद फारशी कोणी ठेवीत नाही. आज मी आपणांस सांगणार आहे, ती अशाच उभ्या राहिलेल्यांची हकीगत. ती आमच्या घरची आहे, म्हणून मला ठाऊक आहे.

शुक्रवार, दिनांक 20 डिसेंबर 1963. गोवा मुक्त होऊन दोन वर्षे पुरी झाली होती, वर एक दिवस. त्या दिवशी गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाचे पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. मुख्यमंत्री झाले श्री. दयानंद बांदोडकर, म्हणजे आपले भाऊसाहेब. मंत्री तिघेच : स्वतः भाऊसाहेब, श्री. विठ्ठल करमली आणि श्री. टोनी फर्नांडिस. विधानसभेच्या निवडणुकीस भाऊसाहेब स्वतः उभे नव्हते. पुढे मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. पण सिंहाच्या निशाणीवर मत देणाऱ्या माणसाने आपले मत भाऊंनाच दिले होते, असे आमच्या पेडणे महालात तरी कोणी अमान्य करणार नाही. ते जन्माने पेडण्याचे.

हा महाल कसा होता, तेही थोडे सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली, सत्तरी आणि पेडणे पोर्तुगीजांच्या हाती गेली. हा मुलूख 'नव्या काबिजादी'त मोडे. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा आणि मध्ये आम्ही. जमीन बहुतेक मोठ्या भाटकारांची. कसणारा तो कूळ आणि भाटकाराच्या जमिनीवर झोपडे बांधून राहणारा तो मुंडकार. माझे आजोबा दोन्ही होते. त्यांच्या घराच्या मातीच्या भिंती त्यांच्या हातच्या; मात्र भिंतीखालची जमीन त्यांची नव्हती. 'ऊठ' म्हटले की उठावे, अशी ती वस्ती.

आता पणजीस जाण्याचा बेत ठरला तो माझ्या वडिलांचा. ते मराठी शाळेत शिक्षक होते. आदल्या संध्याकाळी भाटकाराचा मुकादम अंगणात येऊन उभा राहिला. त्याने दम दिला नाही. "उद्या माडांचे पाडप आहे, येशील ना?" एवढेच त्याने आजोबांस विचारले. पाडप त्या आठवड्यात नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परवा येतो." माझ्या आठवणीत आजोबांनी दिलेला हा पहिला नकार. त्या रात्री आजी झोपली नाही. घर गेले तर भांडीकुंडी घेऊन जायचे कोठे, हा तिचा प्रश्न होता आणि वडिलांपाशी त्यास उत्तर नव्हते.

पहाटे आम्ही सहाजण निघालो. मी नऊ वर्षांचा होतो. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि खोबऱ्याची चटणी फडक्यात बांधून घेतली होती. बसला तेव्हा आमच्याकडे 'कारेर' म्हणत. म्हापशाला कारेर बदलून बेतीच्या धक्क्यावर पोहोचलो. मांडवीवर पूल नव्हता. तो 1970 साली झाला. धक्क्यावर डिचोलीहून माझा मामा येऊन मिळाला. तो खाणीवर कामाला होता. गाझोलिनीत बसल्याबरोबर त्याने वडिलांना विचारले, "भावोजी, ज्यांच्या खाणीवर आम्ही राबायचे, त्यांतलाच एक राजा झाला, तर त्यात आमचे काय?" भाऊसाहेब खाणमालक होते हे खरेच होते. वडील म्हणाले, "भाटकार तर आजवर राज्य करीतच होते. निदान याला खाली उतरवायची चिठ्ठी तुझ्या हातात आहे." मामाचे समाधान झाले नाही. मला विचाराल तर त्याचा प्रश्न वाजवी होता, आणि खाणींच्या मुलुखात तो आजही विचारला जातो.

शपथविधी आम्ही पाहिला नाही. निमंत्रितांत आमच्यासारख्यांचा समावेश असण्याचे कारणच नव्हते. आम्ही पाहिली ती माणसे. पेडण्याची, डिचोलीची, सत्तरीची, फोंड्याची. काही अनवाणी, काही ढोल-ताशांसह. कोणी गुलाल आणला होता. पणजीचे पांढरपेशे रहिवासी सज्जांतून हे सारे न्याहाळीत होते; त्यांपैकी काहींच्या चेहऱ्यांवर आनंद नव्हता. 'गोवा महाराष्ट्रात विलीन होणार' ही घोषणा आमच्या कानांस गोड लागत होती, तीच त्यांच्या काळजाचा ठोका चुकवीत असली पाहिजे. हे मला तेव्हा कळण्याजोगे नव्हते. आजीने मात्र वर पाहून म्हटले, "ती माणसे भ्यालीत रे." भीतीची ओळख तिला आदल्या रात्रीपासून ताजी होती.

आदिलशहाच्या जुन्या वाड्यासमोर, म्हणजे सचिवालयापाशी, आजोबा थांबले. पोर्तुगीज अमदानीत एका अर्जासाठी ते येथे तीन दिवस खेटे घालून परतले होते. त्या अर्जाचे काय झाले, हे त्यांनी कधी सांगितले नाही. नदीकाठच्या कठड्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली आणि दिवेलागणीच्या आत बेतीस परतलो. गावात भगवतीच्या देवळापाशी सनई वाजत होती, पेढे वाटले जात होते.

दुसऱ्या दिवशी आजोबा ठरल्याप्रमाणे पाडपाला गेले. मुकादमाने त्यांना काम दिले नाही. घर मात्र राहिले.

पुढचे आपण जाणताच. 1964 साली कूळकायदा झाला. खेड्यापाड्यांत मराठी शाळा निघाल्या. त्यांपैकी एकीवर वडिलांची बदली झाली. 16 जानेवारी 1967 रोजी जनमतकौल झाला. 'फूल' म्हणजे विलीनीकरण, 'दोन पाने' म्हणजे संघप्रदेश. आमच्या घरची सारी मते फुलाला पडली; पेडण्याचा आणि डिचोलीचा कौलही तोच होता. गोव्याचा कौल मात्र 34,021 मतांनी उलट गेला. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण सज्जांतल्या त्या माणसांची भीतीही खोटी नव्हती, असे आज वाटते. ज्या मतपेटीने आजोबांना 'परवा येतो' म्हणण्याचे बळ दिले, तिनेच त्यांनाही दिले.

12 ऑगस्ट 1973 रोजी भाऊसाहेब गेले. दुसऱ्या दिवशी, श्रावणी सोमवारी, त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्या डिचोलीच्या आमदार होत्या. त्या वेळी ना ढोल, ना गुलाल. पेडण्याहून माणसे या खेपेसही पणजीस गेली, ती अंत्यदर्शनासाठी. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही. मामा डिचोलीहून आला होता; तो पडवीत गप्प बसून राहिला. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा ताईंच्याच कारकिर्दीत, 1975 साली झाला. आजोबा तोवर हयात नव्हते. कागद आले ते आजीच्या नावे. तिला वाचता येत नव्हते. तिने ते वडिलांकडून दोनदा वाचून घेतले आणि देव्हाऱ्यामागे ठेवून दिले.