मूळ गाव

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



लखनौच्या या मंडळात नवा माणूस पाऊल टाकतो तेव्हा चहाच्या आधी त्याच्यापुढे एक प्रश्न येतो : ‘आपण मूळचे कुठले?’ हाच प्रश्न नाण्यांना व नोटांना विचारण्याचे व्यसन आम्हांस चाळीस वर्षांपासून आहे. त्याविषयी बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी केली, म्हणून हे धारिष्ट. आम्ही सरकारी नोकरीतले साधे बी. ए.; नाणकशास्त्राचे पंडित नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो.

व्यसनाचे मूळ वडिलांत आहे. ते नोकरीनिमित्त सिन्नरहून इकडे आले आणि इकडचेच झाले. अमीनाबादेत भाजी घेतली की हातावर पडलेली मोड खिशात टाकण्यापूर्वी ते प्रत्येक नाण्याच्या सालाखाली पाहत. तेथे हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा दिसला तर हैदराबादचे, आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे. (थोरल्या घराला दारावर पाटी लावण्याची गरज वाटत नसावी.) पुढे १९८८ साली नोएडाची टांकसाळ सुरू झाली आणि सालाखाली वाटोळा ठिपका आला. वडिलांना तारा, ठिपका यांचे सोयरसुतक नव्हते. हिरा दिसला की मात्र ते नाणे वेगळे काढून म्हणत, ‘हे आपल्याकडचे.’ अशा नाण्यांची एक पितळी डबी होती. ती आता आमच्याकडे आहे.

वडील गेल्यावर ती डबी आम्ही भिंग घेऊन तपासली. तीत १९८५ चा एक रुपया निघाला. हिरा होता, पण तो सालाच्या मध्याखाली नसून पहिल्या आकड्याखाली, म्हणजे एकाच्या खाली होता. त्या सुमारास नाण्यांची टंचाई असल्याने सरकारने काही नाणी परदेशांत पाडून घेतली होती. बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीच्या रुपयावर एच हे अक्षर आहे. आणि एकाखाली हिरा असलेला रुपया ब्रिटनच्या शाही टांकसाळीचा, वेल्समधील लॅंट्रिसंट या गावचा. वडिलांनी ‘आपल्याकडचे’ म्हणून जपलेले ते नाणे समुद्र ओलांडून आले होते. संग्राहकाच्या शिस्तीप्रमाणे ते परदेशी नाण्यांच्या खणात जावयास हवे. ते अद्याप मुंबईच्याच खणात आहे.

आपल्या या शहराचे नाणे तर मूळ गाव सांगताना चक्क खोटे बोलते. अवधच्या नवाबांचा ‘मछलीदार’ रुपया आपल्यापैकी कोणी चौकातल्या सराफाकडे पाहिला असेल. त्यावर मासा आहे, बादशहा शाह आलमचे नाव आहे आणि टांकसाळीचे नाव आहे मुहम्मदाबाद बनारस. बनारस १७७५ सालीच कंपनीकडे गेले होते. हे रुपये पडत होते लखनौत! राज्यवर्षही २६ वर गोठविलेले. साले उलटली तरी आकडा हलला नाही. १८१९ साली गाझीउद्दीन हैदर स्वतःस बादशहा म्हणवू लागला तेव्हा कोठे नाण्यावर त्याचे स्वतःचे नाव आले. आणि आपण मराठी मंडळींनी हसण्याचे कारण नाही : झाशीच्या मराठी टांकसाळीच्या रुपयावर बलवंतनगर हे गावाचे नाव असले, तरी बादशहाचे नाव तेच, शाह आलमचे. सराफ ज्या नावाला ओळखतो, ते नाव सोडण्यास राजेही धजत नसत.

आता नोटांकडे वळू. नोट नाण्याहून मितभाषी. १९२८ पर्यंत आपल्या नोटा इंग्लंडातून छापून येत; त्या साली नाशिकरोडला छपाई सुरू झाली. त्यानंतर सत्तरीच्या दशकात देवास आणि १९९६ मध्ये म्हैसूर व सालबोनी येथील छापखाने आले. आमचे एक मामा नाशिकरोडच्या छापखान्यात होते. सुटीत गेलो की आम्ही नोट पुढे करून विचारीत असू, ‘मामा, ही तुमची का?’ ते हसून म्हणत, ‘नोटेवर सही गव्हर्नरांची असते रे, आमची नसते.’ याहून अधिक त्यांनी कधीही सांगितले नाही.

नोटेवर छापखान्याचे नाव नसते. क्रमांकाच्या मागे एक अक्षर असते, त्यावरून संग्राहक तर्क लढवितात. १९९७-९८ च्या सुमारास शंभराच्या २०० कोटी आणि पाचशेच्या १६० कोटी नोटा अमेरिका, ब्रिटन व जर्मनी येथील कंपन्यांकडून छापून घेतल्या गेल्या. त्या आपण सर्वांनी खर्चिल्या. पण त्यांच्यावर देशाचे नाव कोठेही नव्हते.

या बाबतीत युरोप अधिक मोकळा आहे. आमचा पुतण्या फ्रॅंकफुर्टला असतो. त्याने आणलेल्या पाच युरोच्या नोटांवर आम्ही दोन रविवार घालविले. २००२ च्या पहिल्या मालिकेत क्रमांकाआधी देशाचे अक्षर आहे : एक्स जर्मनीचे, यू फ्रान्सचे, एस इटलीचे. मात्र ते अक्षर नोट काढणाऱ्या मध्यवर्ती बँकेचे. छापखान्याचा संकेत निराळा, बारीक अक्षरांत कोपऱ्यात दडविलेला. त्यामुळे एका देशाच्या अक्षराची नोट दुसऱ्याच देशात छापलेली निघते. २०१३ पासूनच्या मालिकेत पहिले अक्षरच छापखान्याचे झाले. तिकडचे संग्राहक देशवार, छापखानेवार वह्या ठेवतात असे पुतण्या सांगतो.

तशीच वही आम्ही पाचशेच्या नोटांची केली होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री तीत एकेचाळीस नोटा होत्या.

ठेवाव्यात की भराव्यात, याचा निर्णय होईना. २८ डिसेंबरला बातमी आली की दहांहून अधिक जुन्या नोटा बाळगणे गुन्हा ठरणार. सरकारी नोकराने अशा वेळी छंदाचा युक्तिवाद करू नये. त्या रात्री आम्ही दहा निवडल्या, अक्षरांप्रमाणे, एका अक्षराची एक. उरलेल्या एकतीस दुसऱ्या दिवशी बँकेत नेल्या. प्लास्टिकच्या पाकिटांतून एकेक काढून देताना रोखपाल म्हणाला, ‘साहब, ये तो बिलकुल नयी हैं, चलायी क्यों नहीं?’ साडेपंधरा हजार रुपये खात्यात जमा झाले. पुढे १९१७ नव्हे, २०१७ चा कायदा आला (जुन्या सालांची सवय जीभ सोडत नाही). त्यात अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीस नोटांची मुभा होती. पंधरा आणखी राहिल्या असत्या.

त्या संध्याकाळी पत्नीने वही चाळली आणि विचारले, ‘मामांची कुठे आहे?’

आमच्या लग्नात मामांनी आहेर म्हणून पाचशेची कोरी नोट दिली होती. ती नाशिकची होती की नाही, हे त्यांनी अर्थातच सांगितले नव्हते. तिचे अक्षर दुसऱ्या एका नोटेवर होते आणि ती दुसरी अधिक स्वच्छ होती. आम्ही नियमाने निवड केली. बँकांत जमा झालेल्या त्या नोटांचे पुढे बारीक तुकडे करून दाबून विटा केल्या गेल्या, हे आपण वृत्तपत्रांत वाचले असेल. मामा तेव्हा हयात होते. आम्ही त्यांना कळविले नाही.

चहाच्या वेळी शेजारच्या खोलीत वही आणि पितळी डबी मांडून ठेवली आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य पाहावे. नोटा दहाच आहेत. खात्री करून घ्यावयाची असल्यास मोजून घ्याव्यात.