गटाच्या वेबसाइटची किल्ली कुणाकडे?



आमच्या गटात आम्ही दहाजणी. चटण्या, पापड, मसाले आणि दिवाळीत फराळ. दोन वर्षांपूर्वी गटाच्या पैशातून ८,००० रुपये देऊन आम्ही वेबसाइट करून घेतली. पाकिटांच्या लेबलवर तिचा पत्ता छापला. पहिल्या दिवाळीला ऑर्डरी आल्या, आम्ही खूश झालो.

दुसऱ्या वर्षी ऐन दसऱ्यात साइट उघडेना. ज्या मुलाने ती केली होती, त्याने नाव स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. ते नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने मिळतं. भाडं भरायची सूचना त्याच्या ईमेलवर गेली. तो नोकरीला परगावी गेला होता, त्याचा नंबरही बदलला होता. गिऱ्हाइकांना वाटलं, गटच बंद पडला. चकलीची भाजणी दळून तयार, आणि फोन वाजेना.

बैठकीत आमच्या थोरल्या काकूंनी एकच विचारलं, "पावती कुणाच्या नावावर आहे गं?" आम्ही सगळ्या गप्प. शंभर रुपयांच्या बचतीची नोंद ठेवणाऱ्या आम्ही, पण ८,००० रुपयांच्या वस्तूची किल्ली कुणाकडे आहे हे लिहून ठेवलं नव्हतं. दोष एकट्या त्या मुलाचा नव्हता.

मग एका सभासद ताईच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला हाताशी धरून आम्ही साइट पुन्हा उभी केली. यातून शिकलो ते तुम्हाला सांगतो. वही-पेन घ्या.

पहिलं, नाव गटाच्या ईमेलवर घ्या. मुदतीची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा. पासवर्ड बंद पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवा. बदलला की पाकीटही बदला.

दुसरं, मराठी अक्षरं. आमचं जुनं दरपत्रक डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये होतं. ते साइटवर चिकटवलं तर 'लसूण चटणी'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहिता ते युनिकोडच असतं. शिवाय पानाच्या अगदी वरच्या भागात, हेडमध्ये, एक ओळ हवी: मेटा चारसेट बरोबर यूटीएफ-८. आणि एचटीएमएलच्या पहिल्या खुणेत लँग बरोबर एमआर. म्हणजे पान मराठी आहे हे ब्राउझरला कळतं, आणि अंध व्यक्तीला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं.

तिसरं, आपली गिऱ्हाइकं मोबाइलवर बघतात. त्यासाठी मेटा व्ह्यूपोर्टची ओळ: विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल बरोबर १. ही नसेल तर मोठ्या पडद्याचं पान छोट्या फोनवर मुंगीएवढं दिसतं.

चौथं, फोनचं बटण. दुव्यात टेल, मग कोलन, अधिक चिन्ह, ९१ आणि दहा आकडी नंबर, मध्ये जागा न सोडता. बोट लावलं की नंबर तयार. व्हॉट्सॲपच्या दुव्यात मात्र अधिक चिन्ह घालायचं नाही: डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, ९१ आणि नंबर. आम्ही आधी इथेच चुकलो होतो. म्हणून दुसरीच्या फोनवरून बटण दाबून बघा.

पाचवं, फोटो. फोनमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी ८०० पिक्सेल करून दोनशे केबीच्या आत आणा. नाहीतर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडायच्या आत माणूस कंटाळतो.

शेवटचं, साइटच्या सगळ्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. दर बदलला की नवी प्रत.

जुनं नाव आम्हाला परत मिळालं नाही. नवीन नाव घेतलं आणि उरलेल्या लेबलांवर रात्री बसून कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. त्या दिवाळीचा धंदा गेला तो गेलाच. पण आता दर जूनच्या बैठकीत कर्जफेडीनंतर एक विषय ठरलेला असतो: साइटचं भाडं. आणि तो काकूच वाचून दाखवतात.

तुमच्या गटाची साइट असेल, तर आजच विचारा, पावती कुणाच्या नावावर आहे?