मुक्या जिवाचे दत्तकविधान



ज्या व्यासपीठावरून इतिहास, वेदान्त आणि राज्यकारभार यांविषयी अधिकारी माणसे बोलतात, तेथे एका आजारी कुत्रीविषयी बोलण्यास आम्ही उभे आहोत. चालकांना विषय सांगताना आम्हांला संकोचच वाटला होता. आम्ही पशुवैद्य नाही, शास्त्रीही नाही. कृष्णाकाठच्या एका आळीत राहणारे आम्ही एक निवृत्त जोडपे. पण एका लहानशा जिवाने आम्हांला दया आणि सांभाळ यांतील अंतर शिकविले. ते शिकताना आमच्या हातून एक चूकही घडली. त्या चुकीसकट सर्व सांगावे, एवढाच आजचा हेतू आहे.

गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातील. पसरणीच्या घाटात एका वळणावर, कठड्यापाशी, पांढऱ्या लांब केसांची, जेमतेम साडेचार किलो वजनाची एक कुत्री दोन दिवस बसून होती. मोटार आली की ती उठे, मोटार पुढे गेली की पुन्हा बसे. ती तेथे कशी आली हे सांगण्यास साक्षीदाराची गरज नव्हती. पाचगणीला भाजी पोचवून परतणाऱ्या एका टेंपोवाल्याने तिला रिकाम्या क्रेटमध्ये घालून वाईस आणले. गावातली चार तरुण मुले भटक्या जनावरांचे औषधपाणी करतात. त्यांतला एक आमच्या दारी येऊन म्हणाला, "काका, काकू, पंधरा दिवस हिला ठेवून घ्याल का? तेवढ्यात आम्ही घर शोधतो." आम्ही हो म्हटले. पंधरा दिवसांसाठी हो म्हणणे फार सोपे असते.

लोक या जातीला 'पॉमेरियन' म्हणतात. खरे पाहता आपल्याकडची ही बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात. १९९४ साली एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात 'टफी' नावाचा असा पांढरा कुत्रा पडद्यावर आला. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग आला आणि घरोघर पग हवासा झाला. त्या नाकापायी बिचाऱ्याला धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत कोण सांगणार? हौस बाजारातून येते आणि आजारपण दिसताच ओसरते. मग घाट दिसतो.

आमच्या घरात कुत्र्याला उंबरठ्याच्या आत कधी स्थान नव्हते. वैश्वदेवात श्वानबळी काढण्याची आपली जुनी रीत. अन्नातला वाटा कुत्र्याचा, पण तो बाहेर. तेव्हा चिमीची (हे नाव आमच्या नातीने ठेवले) व्यवस्था पडवीतच केली. पहिल्या रात्री तिला खोकला आला. घशात काही अडकल्यासारखा तो कोरडा आवाज ऐकून आम्ही दोघे तीनदा उठलो. तिसऱ्या वेळी तिचे पोते उचलून माजघरात आणले. धर्मशास्त्राचा निर्णय तेथेच लागला.

पशुवैद्यांनी रेबीजची लस टोचली, दात पाहून वय आठ-नऊ वर्षे सांगितले आणि छातीला नळी लावून ते बराच वेळ गप्प राहिले. पुढे पुण्यास तपासणी झाली. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप नीट मिटत नव्हती. धोमच्या कालव्याचे एखादे दार नीट बसले नाही, तर पाणी जावे तिकडे न जाता मागे येते. तसेच येथे रक्ताचे होते. हृदय ताणून मोठे होते आणि शेवटी फुफ्फुसात पाणी साचू लागते. लहान चणीच्या, वयस्क कुत्र्यांत हृदयाचा हाच विकार सर्वांत अधिक आढळतो. तो बरा होत नाही, पण औषधाने लांबविता येतो. खोकला-धाप सुरू होण्यापूर्वीच, हृदय मोठे झाल्याचे ध्यानात येताच पिमोबेंडन हे औषध दिले, तर पुढची अवस्था सुमारे पंधरा महिने लांबते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. चिमीची ती वेळ घाटापूर्वीच टळून गेली होती. तिला दोन वेळा हृदयाची गोळी आणि फुफ्फुसातले पाणी उतरविणारी, लघवी वाढविणारी दुसरी गोळी सुरू झाली. "वर्ष मिळाले तरी पुष्कळ समजा," असे डॉक्टर म्हणाले.

आता तात्पुरते सांभाळणे, ज्याला हल्ली फोस्टर करणे म्हणतात, ते काय असते? आपल्या भागात वासरू अर्धलीने सांभाळायला देतात. जनावर दुसऱ्याचे, गोठा आपला, आणि पुढे लाभ वाटून घ्यायचा. फोस्टर करणे ही लाभ नसलेली अर्धल आहे. जनावराला औषधाची, घराची, माणसाची सवय लावायची, त्याचा स्वभाव ओळखायचा आणि योग्य घर मिळाले की स्वतःच्या हाताने त्याला निरोप द्यायचा. यातील सर्वांत मोठे काम जेवू घालण्याचे नाही. त्या जनावराविषयी जे जे कळले ते पुढच्या घराला सांगणे, हे सर्वांत मोठे काम. आणि नेमके तेथेच आम्ही चुकलो.

चिमीला पाहण्यास प्रथम पुण्याचे एक कुटुंब आले. मुलांनी तिला उचलून घेतले, छायाचित्रे काढली. आम्ही आजाराचे सर्व सांगितले, गोळ्या दाखविल्या. "घरी विचार करून कळवितो" म्हणून ते गेले ते गेलेच. आम्ही त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी आमच्या मनात भीती शिरली, की असेच सांगत राहिलो तर हिला घर मिळायचे नाही. महिन्याने दुसरे कुटुंब आले, माणसे भली होती. त्यांना आम्ही म्हणालो, "थोडा खोकला आहे, दोन गोळ्या चालू आहेत, बाकी प्रकृती ठीक." आम्ही खोटे बोललो नाही, पण खरेही बोललो नाही. नरो वा कुंजरो वा केले.

नवव्या दिवशी ती परत आली. ती घरात ठिकठिकाणी लघवी करते म्हणून त्या मंडळींनी संध्याकाळनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवण्यास सुरुवात केली होती. गोळी मात्र ते इमानाने देत होते. एकीकडून शरीरातले पाणी काढायचे आणि दुसरीकडून पिण्याचे बंद करायचे, याचा परिणाम काय व्हायचा? ती आली तेव्हा डोळे खोल गेले होते, मान उचलत नव्हती. दोन दिवस सलाईन द्यावे लागले. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. "आम्हांला कोणी सांगितलेच नाही हो," एवढेच त्या म्हणाल्या. यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. दोष आमचा होता. दयेपोटी केलेली लपवाछपवी त्या मुक्या जिवाच्या अंगावर निघाली.

त्या दोन रात्री जागताना महाभारताची आठवण झाली. या महाग्रंथाच्या आरंभीच्या भागात कुत्रा आहे आणि शेवटीही कुत्रा आहे. जनमेजयाच्या यज्ञाशी आलेल्या सरमेच्या पिलाला त्याच्या भावांनी विनाकारण मारले, म्हणून सरमेने राजाला शाप दिला. आणि महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्यावाचून स्वर्गात जाण्यास नकार देतो. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातला एक सवालजबाब बहुधा सांगायचा राहून जातो. इंद्र त्याला विचारतो, भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडून आलास, मग एका कुत्र्याला का सोडवत नाही? धर्मराज उत्तर देतो, की ती मृत झाल्यावर मी त्यांना सोडले. जिवंत असता सोडले नाही. आश्रयाला आलेल्या जिवंत जिवाला टाकणे तो महापातकांच्या पंक्तीला बसवितो. आणि हे उत्तर देणारा मनुष्य तोच, ज्याने द्रोणांपुढे अर्धसत्य उच्चारले होते. अर्धसत्याचा कलंक लागलेल्या माणसालाही पुढे एका कुत्र्याशी खरे वागून दाखविता येते, हा दिलासा आम्ही त्या कथेतून घेतला.

तिसरे घर आम्ही शोधले नाही. आम्हीच तिला दत्तक घेतले.

'दत्तक' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. पण या गावात धर्मशास्त्राचे अध्ययन पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे, तेथे त्याचे वजन निराळे सांगावयास नको. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानेही हे स्पष्ट केले, की विधियुक्त झालेले दत्तकविधान रद्द करता येत नाही. दत्तक घेणाऱ्यालाही नाही. दत्तक मुलगा पसंत पडला नाही म्हणून परत करण्याची सोय नाही. पोटच्या मुलाची तरी कोठे असते? कुत्र्याच्या दत्तकाला अशा कायद्याचे पाठबळ नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्यास मूळ कायद्याने दंड लिहिला, तो फार तर पन्नास रुपये! २०२५ च्या ऑगस्टात दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांविषयीच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट मात्र बजावली: कुत्रे दत्तक घेणाराने ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी. दत्तकाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

कोणी विचारील, माणसांची पोरे औषधावाचून असता कुत्रीच्या हृदयाला गोळ्या कसल्या? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळू इच्छीत नाही. चिमीच्या औषधाला महिन्याकाठी आमच्या दुधाच्या बिलाइतका खर्च येतो. प्रत्येकाने तो करावा असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला जमत नाही त्याने सुरुवातीसच नाही म्हणावे, त्यात कमीपणा नाही. पण आमचा अनुभव असा, की शेजारच्या आजारी माणसाकडे डबा घेऊन धावणारे आणि कुत्र्याला पाणी ठेवणारे हात बहुधा एकच असतात. दुसरी तक्रार भटक्या कुत्र्यांच्या उपद्रवाची. तीही खोटी नाही. ज्याच्या लेकराला कुत्रे चावले त्याला भूतदयेचे प्रवचन करू नये. त्याला प्रथम जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घेण्यास न्यावे. परंतु रस्त्यावरची कुत्री कमी व्हायची, तर नसबंदी आणि लसीकरण यांबरोबरच घरातली कुत्री रस्त्यावर येण्याचेही थांबले पाहिजे.

आता ज्यांच्या मनात असा जीव घरी आणण्याचे येत असेल, त्यांच्यासाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. हृदयाच्या रुग्णाला गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा घालावा. पापड, फरसाण, लोणचे यांतले मीठ त्याच्या पोटात जाऊ देऊ नये. पाणी रात्रंदिवस ठेवावे, ओले झालेले पुसावे. सांगलीकडच्या पाहुण्यांनी तासगावचा बेदाणा आणला तर तो उंच फळीवर ठेवावा. द्राक्षे-बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. आमच्या नातीने प्रेमाने मूठभर पुढे केलेला बेदाणा आम्ही झडप घालून घेतला, तेव्हा ती रुसली होती. तालुक्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यांचा हात मुख्यतः गाईम्हशींवर बसलेला असतो, हे स्वाभाविक आहे. तथापि आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, याचा पुष्कळांना विसर पडतो.

आणि एक काम रात्रीचे. कुत्रे गाढ झोपले असता त्याचे श्वास मोजायचे. छाती वर जाऊन खाली आली की एक. मिनिटाला तिसांच्या आत असले तर ठीक. त्याहून वाढत चालले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावयाचे. आम्ही एक वही केली आहे. रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी एकाने घड्याळ पाहायचे, दुसऱ्याने मोजायचे. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघे इतके नेमाने एका कामाला कधी बसलो नव्हतो.

आमचे वय पाहून कोणी हेही विचारतील, की चिमीच्या आधी तुम्हीच गेलात तर? तो विचार आम्ही केला आहे. शेजारच्या घरातील सुनेने शब्द दिला आहे, आणि या वेळी आम्ही तिला काहीही लपविले नाही. वहीसुद्धा वाचावयास दिली आहे. ज्यांनी तिला परत आणून दिले, त्या बाईंनाही आम्ही पत्र लिहून आमची चूक कळविली. त्या गेल्या गणपतीत येऊन चिमीला भेटून गेल्या.

डॉक्टरांनी एक वर्ष म्हटले होते. चिमीचा आमच्या घरातील हा दुसरा वसंत आहे. तिसरा दिसेल असे आम्ही धरून चाललेलो नाही. मोटारीचा आवाज आला की ती अजून कान टवकारते, पण उठून दाराशी जात नाही. काल रात्री श्वास सव्वीस भरले. आज येथून गेल्यावर पुन्हा मोजायचे आहेत, म्हणून आपला अधिक वेळ न घेता आम्ही थांबतो.