यंत्र शिकवील, शिकायचे मात्र मुलानेच

(पालक व शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



गावच्या शाळेला काही द्यायचे ठरले की पूर्वी बाके, कपाट, भिंतीवरचे घड्याळ, फार तर पिण्याच्या पाण्याची टाकी दिली जात असे. आज माजी विद्यार्थी आणि दानशूर मंडळी एकत्र येतात ती 'डिजिटल वर्गा'साठी. फीत कापली जाते, पडदा उजळतो आणि शाळा आधुनिक झाल्याचे समाधान घेऊन सारे घरी परततात. या दातृत्वामागची भावना निर्मळ आहे, याविषयी शंका नाही. परंतु पडदा उजळल्यानंतर समोर बसलेल्या मुलाच्या मनात नेमके काय घडते, हा प्रश्न समारंभात विचारला जात नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

आशा जुनीच आहे

यंत्राद्वारे शिक्षण पोहोचविण्याचे स्वप्न आपल्या देशाने फार पूर्वी पाहिले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'इस्रो'ने अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच पोहोचविले. शाळकरी मुलांसाठी त्यावर स्वतंत्र कार्यक्रम असत. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. २००५ मध्ये निकोलस निग्रोपाँटी यांनी गरीब देशांतील प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा संगणक देण्याची कल्पना जगापुढे मांडली. त्या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्याशा शाळेत झाला.

ही योजना सर्वाधिक उत्साहाने राबविली ती दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने. तेथे आठ लाखांहून अधिक संगणक वाटले गेले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वसाधारण बौद्धिक चाचण्यांत मुलांची थोडी प्रगती दिसली; पण गणित आणि भाषा या विषयांत संगणक मिळालेली मुले इतरांच्या पुढे गेल्याचा पुरावा आढळला नाही. पेटी मुलाच्या हाती पोहोचली होती. तिच्यायोगे काय शिकवायचे आणि शिक्षकाने काय करायचे, याची आखणी मात्र पुरेशी झाली नव्हती.

गुजरातेतील दोन अनुभव

म्हणजे यंत्र निरुपयोगी, असे म्हणावे काय? तसे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये झालेले दोन प्रयोग या बाबतीत बोलके आहेत.

बडोद्यातील महानगरपालिकेच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ संगणकावर खेळायला दिले. एका संगणकावर दोन मुले बसत. उदाहरणे मुलाच्या तयारीप्रमाणे सोपी वा अवघड होत. गणितात या मुलांनी लक्षणीय प्रगती केली. तथापि उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या प्रगतीचा मोठा भाग ओसरला, हेही अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे.

दुसरा प्रयोग 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांतला. तेथे शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक दिला, तेव्हा मुले मागे पडली. शिकवणे पूर्ववत ठेवून शाळेच्या वेळेबाहेर संगणक दिला, तेव्हा मुले, विशेषतः अभ्यासात कच्ची मुले, पुढे सरकली. संगणक तोच, गणितही तेच. फरक होता तो जागेचा. चांगल्या शिक्षकाची जागा घेणाऱ्या यंत्राने नुकसान केले आणि त्याच्या जोडीला उभ्या राहिलेल्या यंत्राने लाभ दिला.

दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांतून सहावी ते नववीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासातही, प्रत्येकाला त्याच्या पातळीवरचा प्रश्न देणाऱ्या संगणकीय आज्ञावलीमुळे साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत चांगली प्रगती झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला वेगळे उदाहरण देणे शिक्षकाला अशक्यप्राय असते. येथे यंत्र खरोखरच उपकारक ठरते. मात्र उदाहरण सोडविण्याचे कष्ट तेथेही मुलालाच घ्यावे लागले, हे ध्यानात ठेवावे लागेल.

कष्ट कोणी घ्यायचे?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने हाच मुद्दा आता ऐरणीवर आला आहे. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. गणिताच्या सरावासाठी काही विद्यार्थ्यांना सरळ उत्तर देणारा संगणकीय साहाय्यक मिळाला. सरावात त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी उंचावली. नंतर तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हेच विद्यार्थी कधीही साहाय्यक न मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या गटाला उत्तर न सांगता केवळ दिशा दाखविणारा साहाय्यक मिळाला होता. त्या गटाचे नुकसान बव्हंशी टळले. सर्वांत चिंताजनक बाब अशी की, मागे पडलेल्या विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो याची जाणीवच नव्हती.

असे का व्हावे? अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग याचे उत्तर देतो. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, पान मिटून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवणारे पुढे गेले. आठवताना होणारी ओढाताण हा शिकण्यातला अडथळा नव्हे. तेच शिकणे असते. चलचित्र पाहताना सारे समजल्यासारखे वाटते, पण ते समजणे पडद्याचे असते. मुलाचे ते अजून व्हायचे असते.

आपल्या घरांना हे नवे नाही. दिवेलागणीनंतर पाढे म्हणायला बसवणारी, पावकी, निमकी आणि दिडकी तोंडपाठ करून घेणारी, "आता पुस्तक मिटून सांग" म्हणणारी आजी नेमके हेच करीत होती. अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीचे समर्थन येथे करावयाचे नाही. परंतु सात आठे छप्पन्न जिभेवर असलेल्या मुलाचे मन उदाहरणातील पेच सोडवायला मोकळे राहते. ज्याला तेवढ्यासाठीही यंत्र चाचपावे लागते, त्याचे लक्ष तेथेच खर्ची पडते.

प्रगत देशही आता थांबून विचार करू लागले आहेत. स्वीडनसारख्या संपन्न राष्ट्राने शाळांत छापील पाठ्यपुस्तके परत आणण्यासाठी २०२३ मध्ये ६८ कोटी ५० लाख क्रोनर मंजूर केले. आपल्याकडे 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो; आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. आकडे पुरेसे बोलके आहेत.

देणाऱ्यांचे आणि पालकांचे कर्तव्य

म्हणून शाळेला यंत्र देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र मुलाकडून काही करवून घेते की मुलासाठी सारे करून टाकते? ते शिक्षकाच्या जोडीला येते की त्याचा तास खाते? आणि ते कसे वापरायचे, हे शिक्षकाला शिकविण्याची तरतूद केली आहे काय? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचा त्यांचा उपक्रम गाजला, पण त्या कोडमागे काय असावे हे ठरविणारा शिक्षक तेथे होता, हे विसरता कामा नये. देणगीतील निम्मी रक्कम शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आणि शाळेच्या ग्रंथालयासाठी राखून ठेवली, तर उरलेल्या निम्म्याचे चीज होईल.

घरी करावयाची गोष्ट त्याहून सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. मुलाने धडा पडद्यावर पाहिला की पडदा बंद करावा आणि त्याला एवढेच म्हणावे, "आता तुझ्या शब्दांत सांग." तो अडखळेल, थांबेल, डोके खाजवील. त्या वेळी घाईने उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. त्या अडखळण्यातच त्याची बुद्धी घडत असते, आणि ते काम त्याच्या वतीने दुसऱ्या कोणालाही करता येणार नाही.