‘एकच प्याला’ आणि आपलं गाव



आज आपण एका नाटकाविषयी बोलू. आपल्या कोल्हापूरला नाटकाचं वेड जुनं आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली इथं पॅलेस थिएटर बांधलं. बालगंधर्वांना महाराजांचा मोठा आधार होता. त्याच बालगंधर्वांनी गाजवलेलं हे नाटक. नाव ‘एकच प्याला’. ते राम गणेश गडकरी यांनी लिहिलं. १९१९ च्या जानेवारीत गडकरी वारले, आणि त्याच वर्षी नाटक रंगभूमीवर आलं.

नाटकात सुधाकर नावाचा हुशार वकील आहे. कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो. काही महिने त्याची वकिलीची सनद बंद होते. अपमान मनाला फार लागतो. त्याचा कारकून तळीराम त्याला सांगतो, एकच प्याला घ्या, दुःख विसराल. सुधाकर घेतो. पण एकाच्या पाठीमागून दुसरा येतोच.

हा तळीराम मोठा बिलंदर. त्यानं दारुड्यांची सभाच काढली आहे. तिचं नाव ‘आर्य मदिरा मंडळ’. त्या काळी शहरात अशा सभा, अशी मंडळं पुष्कळ निघत. पुढारी लांबलांब भाषणं करीत. गडकऱ्यांनी त्यांचीच नक्कल केली. हे दारुडे पुढाऱ्यांच्या थाटात बसतात, वाद घालतात, आणि दारू किती चांगली ते पंडितासारखं पटवून देतात. लोक पोट धरून हसतात.

आपणही हसतो. पण हसता हसता ध्यानात येतं, ही बोलणी आपल्या ओळखीची आहेत. ‘अंग दुखतं म्हणून घेतली.’ ‘पाहुणे आले म्हणून घेतली.’ पिणाऱ्याला कारण कधी कमी पडत नाही.

त्या मंडळात सुधाकराची बायको सिंधू नाही. ती घरी लोकांचं दळण दळते आहे. बालगंधर्व सिंधू होऊन, ठिगळांचं लुगडं नेसून उभे राहत, तेव्हा हसणाऱ्यांचेच डोळे भरून येत. शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्हं मूल जातं. सिंधूलाही काठीचा मार बसतो. फौजदार येतो, तेव्हा ती सांगते, मी पडले. नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि प्राण सोडते. सुधाकरही विष घेतो.

सिंधू गप्प राहिली. आपल्या गावच्या बायकांनी गप्प राहण्याचं कारण नाही. सरकारच्या २००८ सालच्या आदेशानुसार परवान्याचं दारू दुकान बंद करण्यासाठी त्यांना मतदान मागता येतं. गावातल्या निदान चौथा हिस्सा स्त्री मतदारांनी अर्ज करायचा. मत गुप्त असतं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणून जी घरी बसली, तिनं दुकानच राखलं असं समजावं.

पुरुषांनीही एवढं करावं. कुणी ‘एकच’ म्हणून पुढं केला, तर तळीराम आठवावा, आणि हात मागं घ्यावा.